समोरून सारखंच दिसतं

“फिरवून बघितलंस का?”

खुर्चीमागून हा प्रश्न आला तेव्हा ती माऊस सोडून कंबर दाबत होती. आठवा महिना सरत आला होता. टेबल आणि तिच्यामध्ये पोट आलेलं, आणि स्क्रीनवर लहान बाळाच्या कॉटचं लॉक. विचारणारे होते त्या ऑफिसातले सगळ्यांत जुने डिझायनर. मॉडेल बघताना ते नाक स्क्रीनला टेकेपर्यंत वाकत, म्हणून त्यांना पाठीमागे सगळे ‘दुर्बीण’ म्हणायचे आणि तोंडावर ‘सर’.

“काय फिरवू, सर?”

“मॉडेल गं. स्केच काढायच्या आधी एकदा तिरकं करून बघावं, आपण नक्की कशावर काढतोय ते. समोरून सगळं सारखंच दिसतं. झाकणाचा पृष्ठभाग काय आणि मधलं प्लेन काय, एकावर एक. माऊस नेला की जो पुढे असेल तो उजळतो, आणि आपण बिनधास्त त्याच्यावरच सुरू होतो.”

“मी काय आज पहिल्यांदा करतेय का सर? मला आता झोपेतसुद्धा जमेल.”

“पहिल्यांदा करणारा घाबरून दहा वेळा फिरवतो. तो नाही फसत.”

“सर, तिला स्वतःलाच या कुशीवरून त्या कुशीवर फिरता येईना,” शेजारच्या टेबलावरून कुणीतरी म्हणालं, “मॉडेल कुठून फिरवणार!”

सगळे हसले. सरही हसले आणि आपल्या जागेवर गेले. “बघते, बघते,” ती म्हणाली आणि तिने बघितलं नाही. पुढे उजळला त्या पृष्ठभागावर क्लिक केलं, चौकोन काढला, त्याला उंची दिली. तिला रजेवर जायच्या आत काम हातावेगळं करायचं होतं. त्याच आठवड्यात ती घरी गेली, आणि पुढचे कितीतरी महिने लॉक, कठडे, पिना हे सगळं तिच्या डोक्यातून साफ पुसलं गेलं.

डोक्यात जागाच नव्हती. मुलगी झाली होती. गुटगुटीत, गालांनी डोळे झाकलेली. बापाने पहिल्याच आठवड्यात तिचं ‘ढमी’ करून टाकलं. आणि ढमीबरोबर तिच्या आईच्या पोटात एक भीती जन्माला आली, तीही तशीच अंगाने भरत गेली. ढमी गाढ झोपली की ही नाकापाशी बोट धरून श्वास लागतो का बघायची. गॅसचं बटण बंद करून निघाली की जिन्यातून परत यायची. खिडकीपासून पलंग लांब सरकवलेला, कपाटाचे कोपरे चिंध्यांनी बांधलेले, घरातली नाणी आणि बटणं उंच फळीवर.

“तुला काळजी करायला काही सापडलं नाही,” नवरा म्हणायचा, “की तू त्याचीच काळजी करत बसतेस.”

“बस. मी एकटीच वेडी. तू निवांत झोप.”

“झोपतोच आहे. तू माझ्याही नाकाशी बोट धरायला येतेस, म्हणून जाग येते.”

यात चेष्टा होती तशी मायाही होती, आणि तीही कधीकधी हसायची. पण भीती काही हसण्यावारी जात नव्हती. रजा संपली, ढमी दहा महिन्यांची झाली, ऑफिसच्या मागच्या गल्लीतल्या पाळणाघरात जायला लागली, तेव्हा तर जीव नुसता टांगणीला. त्यातल्या त्यात एकच गोष्ट तिला धीर देणारी होती. त्या पाळणाघरात कॉट होत्या त्या तिच्याच ऑफिसात डिझाइन केलेल्या. पांढऱ्या, उंच कठड्याच्या, कठड्याच्या टोकाला हिरवं बटण. मूल आत-बाहेर करायचं तर बटण दाबून कठडा खाली सोडायचा. वर ओढला की ‘टक्’ करून बसायचा.

“तुझ्या आईने केलीय हो ही,” पाळणाघरातल्या मावशी ढमीला कॉटमध्ये ठेवताना म्हणायच्या. “आईच्या मांडीवर झोपल्यासारखंच की गं तुला.”

पोरगी तोंडात मूठ कोंबून हसायची. आई अभिमानाने बघत राहायची, कठडा हलवून बघायची, ‘टक्’ ऐकायची आणि मग कामाला जायची. जगातल्या झाडून सगळ्या वस्तूंवर तिचा संशय होता. त्या कॉटवर नव्हता.

त्या दिवशी तिला साधंच काम होतं. कॉटचं लहान मॉडेल निघणार होतं, तर लॉकही थोडं लहान करायचं. तिने जुनी फाइल उघडली. लॉक स्क्रीनवर आलं, समोरून, जसं तिने सोडलं होतं तसं. डबी, झाकण, झाकणाच्या भोकातून बाहेर आलेली पिन. ही पिन कठड्यातून निघून खांबाच्या भोकात शिरते आणि कठडा धरून ठेवते. ती बाहेर किती यायची हे ठरवते डबीच्या आतली एक छोटीशी पायरी. पिनेची कॉलर, म्हणजे तिच्या कमरेभोवतीची रुंद कडा, त्या पायरीला येऊन अडते.

तिने मॉडेल फिरवलं. कुणी सांगितलं म्हणून नव्हे. पायरीचं माप घ्यायचं होतं, आणि ती समोरून झाकणाआड होती.

तिरक्या मॉडेलमध्ये झाकण जाड दिसलं. तिने केलं होतं त्याहून बरंच जाड. ‘बदललं वाटतं मधल्या काळात,’ ती मनाशी म्हणाली. मग तिने पायरीचं स्केच उघडलं. तिचाच निळा चौकोन दिसला.

चौकोन झाकणाच्या आतल्या पृष्ठभागाला चिकटलेला होता.

तो मधल्या प्लेनवर असायला हवा होता. प्लेन म्हणजे हवेत ताणून धरलेला कागद. आजूबाजूला काहीही बदललं तरी ते जागचं हलत नाही. पृष्ठभागाचं तसं नसतं. पडद्यावर पेन्सिलने खूण करावी आणि कुणी पडदा सरकवावा, तर खूणही त्याच्याबरोबर जाते. झाकण आतल्या बाजूने जाड केलं, त्याचा पृष्ठभाग आत सरकला, आणि त्याला धरून पायरीही आत सरकली. पायरी आत म्हणजे कॉलर आधीच अडणार. कॉलर आधी अडली म्हणजे पिन कमी बाहेर येणार.

तिने लॉक मधोमध कापून दाखवणारं चित्र उघडलं, कठड्याशेजारी खांब आणून बसवला. पिनेचं टोक खांबाच्या भोकात होतं. होतं म्हणजे, उंबऱ्यावर पाऊल ठेवून कुणी उभं असावं, घरात नाही आणि बाहेरही नाही, तसं. स्प्रिंगचा ‘टक्’ होणार. कठडा सरळ खाली दाबला तर तो धरणारही. पण कुणी कठड्याला धरून मागेपुढे झोके घेतले, कठडा जरासा पिळला गेला, की टोक सुटणार.

दहा महिन्यांची मुलं दुसरं करतात तरी काय? ढमी तर उठली की आधी कठड्याला धरून उभी राहते आणि नाचते.

तिने पुन्हा माप घेतलं. चूक आपल्या बघण्यात असावी असं वाटून मॉडेल उलटं फिरवलं, सुलटं फिरवलं. चौकोन हलला नाही.

“सर,” तिने हाक मारली. “सर, जरा इकडे या.”

सर आले, वाकले, नाक स्क्रीनला टेकलं.

“स्केच कुणी काढलंय?”

“मी.”

ते सरळ झाले. ती मार खाणाऱ्या मुलासारखी बसून होती. आता ते म्हणतील, तुला सांगितलं होतं. पण त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि परत न घालता हातातच धरला.

“झाकण मी जाड केलं,” ते म्हणाले. “स्क्रूपाशी तडकत होतं म्हणून. तू रजेवर होतीस. एक आकडा बदलला. समोरून बघितलं, सगळं जागच्या जागी दिसलं. तुझं काम म्हणून उघडूनसुद्धा बघितलं नाही.”

“चाचणी?”

“जुन्या झाकणावर झालेली. झाकणच तर बदलतोय म्हणून परत केली नाही.”

तोवर तिने फोन लावला होता. पाळणाघराचा फोन वाजत राहिला. तिला माहीत होतं. मुलं झोपली की मावशी फोनचा आवाज बंद करून स्वयंपाकघरात ठेवतात. तिने पुन्हा लावला. पुन्हा. मग पर्स, जेवणाचा डबा, कशालाच हात न लावता ती उठली.

“मी जाऊन येते.”

“पळ,” सर म्हणाले. “मी साहेबांकडे जातो.”

गल्ली तीच होती, रोजची. किराणावाला, शिंप्याचं दुकान, गॅरेज. गॅरेजसमोर उभ्या मोटारीला वळसा घालताना तिची चप्पल तुटली. ती काढून हातात घेतली आणि तशीच पळत राहिली. शिंप्याने मशीन थांबवून विचारलं, “काय झालं हो ताई?” ती थांबली नाही. काय झालं हे तिलाही माहीत नव्हतं, आणि झालेलं असेल तर आता पळून काय होणार होतं? सकाळी आपणच तिला त्यात ठेवलं. आपणच कठडा वर ओढला. आपणच तो ‘टक्’ ऐकून समाधानाने निघालो. उकळतं दूध, उघडी खिडकी, गळ्यात अडकणारी नाणी, सगळ्यांना आपण पहारा दिला, आणि दार मात्र आपल्याच हाताने उघडं टाकलं. दहा महिने आपण भलत्याच बाजूला तोंड करून उभे होतो.

पाळणाघराचं दार लोटलेलं होतं. आत पडदे ओढलेले, पंखा चालू, पावडरीचा आणि दुधाचा वास. दोन मोठी मुलं सतरंजीवर पालथी झोपलेली. भिंतीशी दोन कॉट. एकीत एक बाळ झोपलेलं. दुसरीत ढमी उभी होती.

नुकतीच उठलेली, केस एका बाजूला चिकटलेले. दोन्ही मुठींनी कठडा धरून ती गुडघे वाकवून वाकवून नाचत होती. आईला बघून तिने आनंदाने चीत्कार केला आणि सगळं अंग कठड्यावर टाकलं.

आईने ती खोली कशी ओलांडली ते तिला पुढे कधी आठवलं नाही. तिला आठवतं ते एवढंच, की ढमी तिच्या खांद्यावर होती, तिच्या मानेत ओले ओठ घासत होती, आणि मावशी स्वयंपाकघराच्या दारात भिजलेले हात घेऊन उभ्या होत्या.

“अगं बाई! हातात चप्पल काय, केसांचं काय झालंय! घरी कुणाला काही...”

“मावशी, त्या बाळाला उचला. आधी उचला.”

“आत्ता झोपलंय गं ते. तासभर रडत होतं.”

“मावशी, उचला!”

त्या आवाजाने मावशींनी निमूटपणे बाळ उचललं. मग तिने ढमीला कडेवर सावरत मोकळ्या हाताचा तळवा त्या कॉटच्या कठड्यावर ठेवला. दाबला, कठडा हलला नाही. मग कठडा स्वतःकडे ओढला, किंचित पिळला, ढमी नाचते तसं. एकदा. दुसऱ्यांदा कठडा धाडकन खाली गेला.

सतरंजीवरची दोघं दचकून उठली आणि रडायला लागली. मावशींच्या हातातलंही रडायला लागलं. ढमीला मात्र गंमत वाटली असावी. ती टाळ्या पिटू लागली.

“बंद होतं गं ते,” मावशी पुटपुटल्या. “शपथ. मी स्वतः ओढलं, टक् वाजलं.”

“वाजतं, मावशी. धरत नाही.”

“पण मग तुम्ही लोक हे...” मावशी बोलता बोलता थांबल्या. तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी पुढचं गिळलं असेल. त्या हळूहळू खाली सतरंजीवर बसल्या, रडणारं बाळ थोपटत. थोपटता थोपटता हातच थांबला.

“अगं,” त्या म्हणाल्या, “मग तिसरीचं काय?”

“तिसरी कुठली?”

“तीन आल्या होत्या ना. मला एवढी जागा कुठे? एक मी वरच्या मजल्यावरच्या मुलीला दिली. जुळी झाली होती तिला, दोघंही मुलगे. घरात धड पलंग नाही, पोरं गादीवरून घरंगळायची. म्हटलं, ने बाई, तुला तरी जरा टेकायला मिळेल. एवढी रडली गं ती कॉट बघून. आनंदाने.”

“वर आहे ती?”

“नाही ना. खोली सोडली त्यांनी. नवऱ्याला दुसरीकडे काम मिळालं. कॉट घेऊन गेले. टेम्पोत सगळ्यात वर बांधली होती, मी बघितली.”

मावशींनी फोन आणला. नंबर लावला. तो नंबर आता वापरात नव्हता.

ऑफिसात साहेब आधी चिडले. “किती मुलं पडली? एक तरी तक्रार आली का? उगाच गाजावाजा करायचा म्हणजे आपणच आपल्या नावाने...”

“पडायची वाट बघायची का साहेब?” सर म्हणाले. ते कधी आवाज चढवत नसत. आत्ताही चढवला नाही. “चौकोन हिने चुकीच्या जागी काढला, झाकण मी न बघता जाड केलं. दोघांची नावं लिहा आणि हवं तिथे चिकटवा. पण कॉट आजच परत बोलवा.”

साहेबांनी तिच्याकडे बघितलं. ती एका पायात चप्पल घालून उभी होती, कडेवर ढमी. मुलीला पाळणाघरात परत ठेवायचं तिला सुचलंच नव्हतं. ढमीने साहेबांच्या टेबलावरचा कागद ओढला आणि तोंडात घातला. साहेबांनी तो काढून घ्यायला हात पुढे केला, मग मागे घेतला आणि फोन उचलला.

कॉट परत आल्या. ज्या आल्या नाहीत त्यांच्याकडे माणसं गेली, लॉक बदलून आली. ती स्वतःही गेली, पुष्कळ घरी. काही बायकांनी तिला चहा पाजला. काहींनी दार उघडं ठेवून उभ्यानेच बोलणी ऐकवली आणि तिने ती ऐकून घेतली. एका आजींनी तिच्यासमोर नातवंडाला घट्ट कुशीत धरलं आणि लॉक बदलून होईपर्यंत सोडलं नाही. एका घरी पोराच्या कपाळावर जुनी खोक होती. “हे कशाने झालं?” तिने विचारलं. “दारावर आपटला,” आई म्हणाली. तिने ते खरं मानलं. मानल्याशिवाय पुढच्या घरी जाता आलं नसतं.

एक कॉट सोडून सगळ्यांचा हिशेब लागला.

त्या एकीसाठी ती जंग जंग पछाडते आहे. टेम्पोवाल्याला शोधून काढला. त्याला आधी गाव आठवलं, पत्ता नाही, आणि आता त्या गावाचीही खात्री नाही म्हणतो. नवऱ्याच्या जुन्या कामावर विचारलं. दवाखान्यात विचारलं. शेजारणींना त्या मुलीचं माहेर विचारलं. नवरा सुट्टीच्या दिवशी तिच्याबरोबर निघतो. काळजीवरची त्याची थट्टा बंद झाली आहे, आणि तिला ती परत सुरू व्हावीशी वाटते. सर रिटायर व्हायचं म्हणतात. ढमी चालायला लागली. दोन जुळे मुलगेही आता कुठेतरी उभे राहत असतील, कठडा धरून. दोघांचं मिळून वजन.

म्हणून हे इथे लिहायचं ठरलं, आणि तिचं मागणं तिच्याच शब्दांत द्यायचं.

तुमच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर, तुमच्या कामावर, कुठे जुळ्या मुलांची अशी आई राहायला आली असेल, तर तिच्याकडे एकदा जाऊन या. अंगाने बारीक आहे, बोलते कमी. घरात पांढरी कॉट असेल, कठड्याच्या टोकाला हिरवं बटण. लॉकचा आवाज ऐकून परत फिरू नका. मुलं आत असतील तर आधी उचलून घ्या, मग कठडा स्वतःकडे ओढा आणि जरा पिळून बघा. तिला रागवू नका. तिची काही चूक नाही. कुणीतरी मायेने दिलेली वस्तू आहे ती, तिने जपूनच ठेवली असेल. ती दारातच म्हणेल, दोघं आत्ता कुठे झोपलीत, नंतर या.

तरी आत जा.